गाइडबाहेरचे इंग्रजी

परीक्षा जवळ आली, की पुण्याचा अप्पा बळवंत चौक असो, दिल्लीची नई सडक असो वा कोलकात्याची कॉलेज स्ट्रीट, दृश्य एकच. इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी मुले दुकानात शेक्सपिअर मागतात, पण त्यांना हवे असते ते शेक्सपिअरचे गाइड. मूळ नाटक दुकानदाराच्या कपाटातच राहते.

गाइडमध्ये सारांश असतो, पात्रांची स्वभावचित्रे असतात आणि हमखास येणारे प्रश्न उत्तरांसकट छापलेले असतात. ते पाठ केले, की पास. पदवी हाती पडते, पण तीन वर्षांत स्वत:चे म्हणावे असे एकही इंग्रजी वाक्य लिहिलेले नसते. भाषा शिकणाऱ्याची याहून मोठी फसवणूक कोणती?

सारा दोष मुलांना देऊन चालणार नाही. मराठी, हिंदी किंवा तमिळ माध्यमातून आलेल्या मुलीसमोर एकदम चारशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी येऊन उभे राहते. वर्ग भरलेला. प्रत्येकाचा निबंध तपासून ‘हे वाक्य इथे का?’ असे विचारायला प्राध्यापकांना वेळ कुठला? मग उत्तरे उतरवून देणेच दोघांच्या सोयीचे ठरते.

खरे तर या मुलीकडे तिचे स्वत:चे भांडवल असते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) तिने पाहिलेले किंवा वाचलेले असते. सारे काही मुलांना देऊन पुढे बेघर झालेले अप्पासाहेब बेलवलकर तिला ठाऊक असतात. शेक्सपिअरचा म्हातारा राजा लिअरही राज्य मुलींना वाटून देतो आणि वादळात उघड्यावर येतो. पण लिअरची राणी नाटकात कुठेच नाही. अप्पासाहेबांना मात्र कावेरीची सोबत असते आणि पुढे तीही तुटते. या एका फरकाने दोन म्हाताऱ्यांच्या दु:खात काय अंतर पडते? हा प्रश्न जिला पडला, तिचे इंग्रजी मोडकेतोडके असले, तरी तिचा साहित्याचा अभ्यास सुरू झाला. गाइडमध्ये हा प्रश्न सापडायचा नाही.

आता तो लिहायचा कसा? एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्यामागे नाटकातला नेमका प्रसंग, अंक व प्रवेशाच्या क्रमांकासह. समीक्षकाचे वाक्य जसेच्या तसे घेतले, तर ते अवतरणचिन्हांत घालून त्याचे नाव व पान द्यावे. शब्द बदलले तरी कल्पना त्याचीच राहते, म्हणून तेव्हाही नाव हवेच. बहुतेकांची गल्लत होते ती इथे. पानाचा क्रमांक टिपण काढतानाच लिहून ठेवावा, प्रबंध द्यायच्या आदल्या रात्री ते पान सापडत नाही!

ही सवय वेळीच लागली नाही, तर पुढे महागात पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातले १० टक्क्यांहून अधिक लेखन दुसऱ्याशी जुळले, तर तो सुधारून द्यावा लागतो. ४० टक्क्यांच्या वर गेल्यास वर्षभर प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. तोवर पंधरा वर्षे ‘उत्तर उतरवून घ्या’ एवढेच ऐकलेल्या मुलाने हे शिकावे तरी कधी? आणि आता तर क्षणात निबंध लिहून देणारा संगणकही हाताशी आहे. गाइड निदान विकत तरी घ्यावे लागत होते.

घरात कुणाला इंग्रजी येत नसले, तरी जेवताना मुलीला विचारता येईल, ‘त्या राजाचे पुढे काय झाले गं?’ मराठीत नीट सांगता आले, तर नाटक तिच्या डोक्यात शिरले आहे. मग गाइड मिटून तेच दहा ओळी इंग्रजीत लिहायला सांगावे. चुका होतीलच. त्या लाल शाईने दुरुस्त करून देणारे एखादे सर किंवा मॅडम बहुतेक कॉलेजांत असतात. तो कागद घेऊन त्यांना स्टाफरूममध्ये गाठावे.