हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे

हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे : सण, विवाह, अपत्यजन्म, वाढदिवस, परीक्षेतील यश, दुखण्यातून उठणे इ. निमित्तांनी आप्तेष्टांना पाठविण्यासाठी स्वतः योजून हाताने तयार केलेली सचित्र वा अलंकृत पत्रे. बोलीत यांस ‘भेटकार्डे’ म्हणतात. सामान्यतः जाड कागदाची एक घडी, दर्शनी पृष्ठावर चित्र अथवा आकृतिबंध आणि आत मजकूर असे त्याचे स्वरूप असते. छापील शुभेच्छापत्र हजारो अनोळखी ग्राहकांपैकी कोणासही चालावे, अशा बेताने योजावे लागते. हस्तनिर्मित पत्र मात्र एकाच व्यक्तीसाठी करता येते. त्याच्या संकल्पनाचा सर्व विचार या एका फरकापासून सुरू होतो.

इतिहास : शुभवार्ता व शुभचिंतन लेखी कळविण्याची महाराष्ट्रातील रीत मुद्रित भेटकार्डांहून जुनी आहे. पत्राच्या माथ्यावरील ‘श्री’, नात्यानुसार बदलणारे मायने आणि मंगल प्रसंगी पत्राच्या कोपऱ्यांना लावलेली हळद-कुंकवाची बोटे हे सर्व एका अर्थी पत्राचे अलंकरणच होते. कुंकुमपत्रिका हे नाव याच रीतीचे स्मारक आहे. याउलट मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडला वा कापला जाई, आणि ते हाती पडताच मजकूर वाचण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. कागदाचा आकारही बोलतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. शुभेच्छापत्राचा एकच कोपरा शोभेसाठी तिरपा छाटण्याची परदेशी पुस्तकांतील युक्ती वृद्ध नातेवाइकांसाठी करावयाच्या पत्रात टाळावी, हे यावरून उघड आहे.

आधुनिक शुभेच्छापत्र ही टपालव्यवस्थेची निर्मिती होय. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पोहोचविण्याची पद्धत सुरू झाली आणि १८४३ साली हेन्री कोल (१८०८–८२) यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र करवून घेतले. त्याच्या सु. एक हजार प्रती शिळाछापाने छापून हाताने रंगविण्यात आल्या होत्या. म्हणजे या परंपरेचे पहिले छापील पत्रही अंशतः हस्तनिर्मितच होते. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. मुंबईत १८९४ मध्ये स्थापन झालेल्या रविवर्मा मुद्रणालयाच्या रंगीत चित्रांनी छापील चित्र सामान्य घरांत पोहोचविले.

महाराष्ट्रात शुभेच्छापत्रांचा सर्वांत मनोज्ञ प्रकार मकरसंक्रांतीच्या निमित्ताने रूढ झाला. तिळगूळ प्रत्यक्ष हातावर ठेवता येत नाही अशा दूरच्या नातेवाइकांना व स्नेह्यांना पत्र पाठवून त्यात हलव्याची लहानशी पुडी घालण्याची प्रथा विसाव्या शतकात सर्वत्र होती. बाजारात तयार पत्रे मिळत असूनही शाळकरी मुले ती घरी करीत. चित्र, मजकूर आणि वस्तू या तिन्हींचा मेळ घालणारे हे पत्र अन्य देशांतील नाताळपत्रांहून निराळे ठरते. दसऱ्याला आपट्याच्या पानाची आणि दिवाळीला पणती-आकाशकंदिलाची पत्रेही पाठविली जात. तथापि हलवा ज्यातून सांडतो त्या पत्राची सर त्यांना नव्हती.

संकल्पनाचा आरंभ : पत्र करू इच्छिणाऱ्या नवशिक्यापुढील खरी अडचण साहित्याची वा हस्तकौशल्याची नसून कोऱ्या कागदाची असते. ‘चित्र कशाचे काढावे’ या प्रश्नापाशी बहुतेक जण थांबतात आणि मग एखाद्या छापील पत्राची नक्कल करतात. त्यातूनच परभणीच्या रखरखीत मुलखातून निघालेल्या पत्रावर बर्फाच्छादित झोपडी अवतरते. ‘कशाचे चित्र’ याऐवजी ‘कोणासाठी’ आणि ‘कोणत्या वेळी’ हे दोन प्रश्न प्रथम विचारल्यास विषय पुष्कळसा आपोआप ठरतो. प्राप्तकर्त्याचे वय, दृष्टी, नाते, त्याच्या आठवणीतील घर वा शेत, आणि पत्र पोहोचेल तेव्हाचा ऋतू यांची टिपणे चार-सहा शब्दांत करावी. त्यांतील डोळ्यांना दिसू शकणारा शब्द हेच पत्राचे बीज असते.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी या गावाचे उदाहरण घेता येईल. परभणी–जिंतूर मार्गावरील या गावातून पुण्या-मुंबईस गेलेल्या भावासाठी संक्रांतीचे पत्र करावयाचे आहे, असे मानू. ‘संक्रांत’ म्हणताच सुचणारा पतंग हा सर्वांचा विषय आहे. त्यात बोरीचे काही नाही. सुगडात भरावयाच्या वस्तू नजरेसमोर आणल्या, तर बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गव्हाची ओंबी व तीळ असे पाच निरनिराळे आकार मिळतात : गोल, फुगीर, लांबट, केसाळ आणि ठिपक्याएवढा. गावाच्या नावातच बोर आहे. लहान मुलाच्या बोरन्हाणाची आठवण त्यास जोडली, तर वरून घरंगळत येणारी बोरे आणि खाली उताणे पसरलेले दोन चिमुकले तळवे एवढ्यावर दर्शनी पृष्ठ पुरे होते.

रंगसंगतीचेही तसेच. संक्रांतीला काळे वस्त्र नेसून त्यावर हलव्याचे पांढरे दागिने घालण्याची रीत आहे; त्याच सुमारास शिवारात काळ्या जमिनीवर कापसाची शेवटची बोंडे फुटलेली असतात. काळ्यावर पांढरे ही एकच योजना सणाची आणि त्या भूमीची, दोन्हींची खूण ठरते. तिच्यात कुंकवाचा एखादा तांबडा ठिपका पुरेसा होतो. नवशिक्याने तीनहून अधिक रंग वापरू नयेत, हा नियम रूक्ष वाटला तरी हितकारक आहे. रंगांची पेटी हाती आली की सर्व वड्या संपविण्याचा मोह लहानांप्रमाणे मोठ्यांनाही आवरत नाही.

अन्य सणांसाठी असाच शोध घेता येतो. पोळ्याची झूल व बाशिंग, दारापुढील ठिपक्यांची रांगोळी, आजीच्या हातावरील गोंदण, पैठणीच्या पदरावरील मोर, वारली चित्रांतील त्रिकोणी देह यांतून आकृतिबंध मिळतात. मात्र परंपरागत आकृती घेताना तिची नक्कल करण्यापेक्षा तिचे तत्त्व घ्यावे. रांगोळीचे तत्त्व ठिपक्यांची नियमित मांडणी आणि त्यांभोवती वळणारी अखंड रेषा हे होय. ते एकदा समजले की हलव्याचे दाणेच ठिपके होऊ शकतात. आपट्याचे पान मधल्या शिरेवर स्वाभाविकपणे दुमडते आणि त्याचे दोन्ही भाग सारखे असतात. त्या शिरेलाच पत्राची घडी मानून कागद कापल्यास दसऱ्याचे पत्र उघडण्याची क्रिया ही ‘सोने’ देण्याची क्रिया बनते, आणि झाडही ओरबाडावे लागत नाही.

विषय ठरल्यावर थेट चांगल्या कागदास हात घालू नये. आगपेटीच्या आकाराच्या आठ-दहा चौकटी आखून त्यांत भराभर लघुरेखाटने करावी. पहिली दोन-तीन बहुधा पाहिलेल्या पत्रांचीच असतात. स्वतःचे असे काही चौथ्या-पाचव्यापासून उमटू लागते. महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत ‘संकल्पचित्र’ हा विषय असल्याने अनेकांना शाळेतच या पद्धतीची तोंडओळख झालेली असते, परंतु ती परीक्षेबरोबर संपते. निवडलेल्या रेखाटनावरून वर्तमानपत्राच्या कागदाचा पूर्ण आकाराचा नमुना करून त्याची घडी घालून पाहावी. दर्शनी बाजूचे चित्र उलट्या बाजूस आले, अथवा उजवीकडे उघडावयाचे पत्र डावीकडे उघडू लागले, असे दोष या टप्प्यावरच कळतात.

ज्यांचा हात चित्राला वळत नाही त्यांच्यासाठी ठसे हा उत्तम मार्ग होय. आडव्या कापलेल्या भेंडीचा पाच पाकळ्यांचा ठसा, अर्ध्या बटाट्यावर कोरलेला आकार, पिंपळपानाच्या शिरांचा छाप आणि जाड कागदात कोरलेल्या जाळीतून पुसलेला रंग यांना रेखनकौशल्य लागत नाही. रंग दाट व थोडा घ्यावा. पातळ रंगाने ठसा फिसकटतो. जुन्या साडीचे काठ, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका यांचे तुकडे चिकटवून केलेले चिकटचित्रही शोभून दिसते. ताजी फुले वापरावयाची असल्यास ती शोषक कागदात घालून वजनाखाली आठ-दहा दिवस पूर्ण वाळवावी. ओलसर पाकळीला पाकिटात बुरशी येते. हळदीचा पिवळा रंग मोहक असला, तरी उजेडात तो लवकर विटतो आणि चुना, सोडा यांसारख्या क्षारयुक्त पदार्थांच्या स्पर्शाने लाल होतो. जपून ठेवावयाच्या पत्रात तो वापरू नये.

कागद व बांधणी : हातकागद या कामास सर्वांत योग्य. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील दौलताबादजवळच्या कागजीपुरा येथील हातकागदाची परंपरा चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलविली त्या काळापर्यंत मागे नेली जाते. जुन्नरचा कागदही पेशवाईत प्रसिद्ध होता. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्या चळवळीत या धंद्यास पुन्हा चालना मिळाली आणि पुणे येथील हातकागद संस्था १९४० मध्ये सुरू झाली. सुती कापडाच्या चिंध्यांच्या लगद्यापासून होणारा हा कागद चिवट असून त्याच्या नैसर्गिक, किंचित फाटक्यासारख्या कडा छाटून टाकणे म्हणजे त्याचे सौंदर्यच काढून टाकणे होय. मात्र खळ कमी असलेल्या कागदावर शाई फुटते. म्हणून कोपऱ्यावर एक अक्षर लिहून आधी पारख करावी. यंत्रकागदातील तंतू एका दिशेने लागलेले असतात. घडी त्या दिशेस समांतर घातल्यास सुबक बसते, आडवी घातल्यास कड चिरते. हातकागदास अशी ठळक दिशा नसते. जाड कागद दुमडण्यापूर्वी पट्टीच्या कडेने शाई संपलेल्या बॉलपेनने वा सुरीच्या बोथट पाठीने खाच पाडावी. चिकटविण्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ चालते. तीस कसर लागू नये म्हणून जिल्दसाज चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती ती खळ देऊ नये.

अक्षरांकन : बहुतेक घरगुती पत्रे चित्रात साधतात आणि अक्षरात फसतात. मजकूर शेवटी, उरलेल्या जागेत कोंबला जातो हे त्याचे कारण. वास्तविक चित्राआधी मजकुराची जागा आखावी. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. त्यामुळे शिरोरेषा आधी आखून तिच्या वर वेलांट्या-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा सोडावी लागते. ही अडचण नसून संधी आहे : शिरोरेषा हीच तोरणाची दोरी, वाळत घातलेल्या साडीचा काठ किंवा बैलाच्या झुलीची कड होऊ शकते व अक्षरे तिला टांगता येतात. तिरप्या छाटणीच्या बोरूने जाड-बारीक रेषा आपोआप येते. देवनागरी सुलेखनात र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या कार्याने अक्षर हेच चित्र होऊ शकते, ही जाण महाराष्ट्रात रुजविली. मजकूर थोडा असावा आणि तो पाठविणाऱ्याच्या बोलण्यातला असावा. मराठवाड्यातील बहीण भावाला ज्या शब्दांत बोलते ते शब्द सोडून ‘आपणांस व आपल्या परिवारास’ अशी सभेतील भाषा तिने पत्रात वापरली, तर उत्तम चित्रही परके वाटते.

टपाल : पत्राच्या डाकखर्चाचा पहिला टप्पा २० ग्रॅ. वजनाचा आहे. चौ. मीटरला २०० ग्रॅ. वजनाच्या कागदाचा १५ × २१ सेंमी. तुकडा मधोमध दुमडला, तर पत्राचे वजन सु. ६ ग्रॅ. व साध्या पाकिटाचे ४ ते ५ ग्रॅ. भरते. हलव्यासाठी आठ-नऊ ग्रॅम उरतात. याच कागदाचा दुप्पट तुकडा घेतल्यास पत्र व पाकीट मिळूनच २० ग्रॅमची मर्यादा गाठली जाते आणि हलवा घरीच राहतो. पुडी सपाट करून पत्राच्या आत घडीपासून दूर चिकटवावी. टाचणी वापरू नये, कारण ती हाताळणाऱ्याच्या बोटाला लागते आणि कागदावर गंजाचा डाग उमटवते. पाकिटावर पिन कोड (१५ ऑगस्ट १९७२ पासून प्रचलित) सुवाच्य लिहावा. पाकिटाच्या पत्ता लिहावयाच्या बाजूस नक्षीने भरून टाकू नये.

सद्यःस्थिती : शुभेच्छा स्वस्त व सुलभ करण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. तारखात्याकडे शुभेच्छांचे ठराविक मजकूर क्रमांकाने निवडता येत. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भ्रमणध्वनीवरून एकच चित्र क्षणात शेकडो जणांना पाठविता येऊ लागल्यावर छापील पत्रांचा व्यापार ओसरला. जे पत्र कोणासही चालत होते त्याची जागा कोणासही चालणाऱ्या चित्राने घेतली, यात नवल नाही. हस्तनिर्मित पत्राची स्पर्धा त्याच्याशी कधीच नव्हती. पण पत्र पाठविण्याची सवयच मोडल्याने त्यालाही झळ बसली आहे.

पत्रांच्या विक्रीतून लोकोपयोगी कार्यास निधी उभारण्याची प्रथा मात्र फलदायी ठरली. संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीने १९४९ मध्ये काढलेले पहिले पत्र चेकोस्लोव्हाकियातील यित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीच्या चित्रावरून केले होते. युद्धोत्तर टंचाईत कागद नसल्याने तिने ते काचेवर रंगविले होते. मुंबईत १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्राय’ या संस्थेनेही मुलांच्या हक्कांसाठीच्या कार्यास शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून पैसा उभा केला. गावपातळीवरील महिला बचत गटांना हा जोडधंदा करता येण्यासारखा आहे. त्यात एकाच नमुन्याची शेकडो पत्रे करावी लागत असल्याने ठसा व जाळीची पद्धत सोयीची पडते. नमुना गटाने स्वतः योजलेला असावा आणि आतील पृष्ठ पाठविणाऱ्यासाठी कोरे सोडावे. किंमत ठरविताना कागद व रंगांच्या खर्चाबरोबर हातकामाचे तासही धरावेत. घरबसल्या केलेले काम म्हणून ते हिशेबातून वगळले जातात आणि धंदा वर्षभरात बंद पडतो.