तट्टू गोठ्यात नाही, रानात टिकतं

ज्यांना ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये मोबाईलवर वाचायला चालतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं "अं... म्हणजे काय की" तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तट्टू. म्हणजे आपलं दख्खनचं बुटकं, काटक घोडं. ते रानात, झाडझाडोऱ्यात, खडकाळ माळावर चारून कसं सांभाळायचं, हे आज बघू. आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करू.

घरून काम चालू होतं तेव्हा मी येलदरीला मुक्कामी होतो. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी धरणाकडं चक्कर. त्या वर्षी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून एक तांबडी तट्टाणी आणली. माळेगाव आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. तिथला घोड्यांचा बाजार तुम्ही रील्समध्ये बघितला असेलच.

आता मी पडलो इंजिनियर. दहा व्हिडिओ बघितले आणि कामाला लागलो. पत्र्याचं शेड, खाली रबरी मॅट, सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याची भरड, वर गुळाचा खडा, आणि बांधून हिरवागार चारा. दोन महिन्यांत घोडी अशी तुकतुकीत झाली की बघणारा म्हणायचा, वा! मग एका सकाळी ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढं ताणलेले, सगळं वजन मागच्या पायांवर. खुराला हात लावला तर गरम.

डॉक्टर आले, म्हणाले, "खुराच्या आत सूज आहे. दाणा बंद करा." त्या आठवड्यात आमच्या शेतात मेंढ्या बसल्या होत्या. त्या वाड्यातले एक म्हातारे बाबा येऊन घोडीकडं बघून गेले. जाताना एवढंच बोलले, "लेकरा, ही घोडी हाय, म्हैस न्हाई. हिला खायाला कमी अन् चालायला जास्त लागतं."

हे वाक्य समजायला मला पुढचे सहा महिने लागले. तुम्हाला दहा मिनिटांत सांगतो.

आधी पोट समजून घ्या

गाय-म्हैस रवंथ करते. तिचं आंबवण्याचं काम पुढं, मोठ्या पोटात होतं. घोड्याचं पोट शरीराच्या मानानं लहान, आणि गवत आंबवायची जागा पार मागं, आतड्याच्या शेवटच्या भागात. म्हणून घोडं एकदम भरपूर खात नाही. ते दिवस-रात्र मिळून चौदा-सोळा तास थोडं थोडं चरतं. चारा निकृष्ट असेल तर गाय मंदावते, कारण तो पोटातून लवकर पुढं सरकत नाही. घोडं मात्र तो झटपट पुढं ढकलतं आणि जास्त खाऊन भरपाई करतं. म्हणून वाळलेल्या, जाड्याभरड्या गवतावर तट्टू तग धरतं.

उलट बाजू अशी की दाणा जास्त झाला तर त्यातला स्टार्च न पचता मागच्या आतड्यात जातो, तिथं आम्ल वाढतं, आणि त्याचा फटका बसतो खुराला. माझ्या घोडीचं हेच झालं. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गडबड झाली की थेट पोटशूळ, आणि त्यात जनावर जाऊही शकतं.

साधा हिशोब: दोन-सव्वादोनशे किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण चार-पाच किलो कोरडा चारा पुरतो. पाणी वीसेक लिटर, उन्हाळ्यात जास्त. आणि चाटायला मीठ. काम नसेल तर दाणा जवळपास नकोच.

येलदरीचं वर्ष

आपल्याकडं एका जागेवर बारा महिने चारा नसतो. म्हणून तट्टू सांभाळायचं म्हणजे वर्षाचा नकाशा डोक्यात ठेवायचा.

पाऊस पडला की माळ हिरवा होतो. हा काळ मजेचा वाटतो, पण सांभाळायचा हाच. कोवळं गवत हळूहळू सवयीनं द्यायचं. चिखलात खूर मऊ पडतात, म्हणून रात्री उंच, मुरमाड जागा. पावसाळ्यात चावऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यामुळं सर्रा नावाचा रक्तातला रोग पसरतो. ताप चढउतार करतो, जनावर खंगत जातं. असं दिसलं की घरगुती उपाय न करता रक्त तपासायचं.

पाऊस सरल्यावर कुसळी गवताला कुसळं येतात. ती तोंडात, डोळ्यात रुततात. तेव्हा पवन्या, मारवेल असलेल्या जागा शोधायच्या. हिवाळ्यात काढणी झालेली शेतं मोकळी होतात. पण ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात घोडं सोडायचं नाही, त्यात विष असतं. कण्हेरीपासून तर चार हात लांब. घाणेरी आणि गाजरगवत माजलेल्या जागेला चराई म्हणायचंच नाही.

उन्हाळ्यात झाडझाडोरा कामाला येतो. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात सागाचं पानझडी रान आहे. साग स्वतः खायच्या कामाचा नाही, आणि घोडं काही शेळीसारखं पाल्यावर जगत नाही. पण झाडोऱ्याच्या आडोशाला, ओढ्याच्या कडेला गवत जास्त दिवस टिकतं, आणि भर दुपारी जनावराला सावली लागतेच. धरणाचं पाणी ओसरलं की काठाच्या गाळावर हिरवळ येते. तिथं मात्र कुणाची गाळपेर आहे का ते बघूनच जायचं.

मेंढरांसोबत घोडं का?

धनगरांच्या वाड्यात तट्टू बिऱ्हाड वाहतं. भांडी, पाल, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी पोरंसुद्धा. पण चराईतही त्याचा मेळ बसतो. घोड्याला वर-खाली दोन्हीकडं पुढचे दात असतात, त्यामुळं मेंढरं टाळतात ते जाड गवतही ते कापून खातं. आणि मेंढीच्या पोटातले बहुतेक जंत घोड्यात टिकत नाहीत, घोड्याचे मेंढीत टिकत नाहीत. रोजच्या चालीनं खूर आपोआप झिजतात. रात्री लांब जाऊ नये म्हणून पुढचे पाय सैल बांधतात. 'पायबंद घालणे' हा शब्दप्रयोगही घोड्याचे पाय बांधण्यातूनच आलाय. एक गोष्ट मात्र परंपरेवर सोडू नका: धनुर्वाताची लस. घोड्याला हा रोग फार लवकर धरतो, आणि रानात काटाखिळा लागतोच.

आता मुद्द्याचं

राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे, आपण अभिमानानं म्हणतो. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर भागातल्या धनगरांनी जपलेल्या या भीमथडी घोड्याला करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडंच स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मस्त बातमी. पण दुसरा आकडा बघा. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून ३.४ लाख उरली. २०१२ मध्ये ती ६.२५ लाख होती. सात वर्षांत जवळपास निम्मी.

जात कागदावर वाचते, जनावर रानात. इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये तट्टं मालकाची असतात, पण मोकळी फिरतात, कारण तिथल्या ठरावीक घर-जमिनींना चराईचा जुना हक्क चिकटलेला आहे. हक्क टिकला म्हणून तट्टू टिकलं. चेक देशात मिलोविट्सेच्या जुन्या लष्करी मैदानावर तर २०१५ पासून एक्समूर तट्टं मुद्दाम सोडली आहेत, माळ झुडपांनी बुजू नये म्हणून.

आपल्याकडं २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(१)(घ) मध्ये, भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलाय. पण तो सामूहिक दावा ग्रामसभेतून करावा लागतो. तोवर वनखात्याच्या बंद क्षेत्रात किंवा नव्या रोपवनात जनावर घालू नका. दुसऱ्याच्या पिकात गेलं तर कोंडवाडा आहेच. १८७१ चा तो कायदा घोड्यालाही लागू होतो. आणि गायरान? ते गावागावात आक्रसत चाललंय. तुमच्या गावचं किती उरलंय, तलाठ्याकडं एकदा विचारून बघा.

माझ्या तांबडीचं काय झालं? सूज असताना तिला अजिबात चालवलं नाही. मऊ जागा, वाळला चारा, औषध. बरी झाल्यावर हळूहळू बाहेर काढली. आता ती चुलत्याच्या मेंढरांसोबत पडीक रानात आणि गायरानात असते. तुकतुकी गेली, थोडी बरगडी दिसते, पण दिवसभर चालते. शेडमध्ये आता मोटारसायकल उभी असते.

बाबांचा वाडा यंदाही आला होता. त्यांनी घोडीचा खूर उचलून बघितला, खाली ठेवला, आणि म्हणाले, "आता घोडी झाली." मग विचारलं, "पुढच्या साली हे गायरान राहतंय का पण?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तुमच्या गावात काय चाललंय, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात.