खर्ड्याच्या सनातली मूळ संख्या

जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती ११ मार्च १७९५ रोजी. १७९५ चे अवयव पाडले, की ५ × ३५९ मिळतात. ३५९ ही मूळ संख्या आहे. १९ चा वर्ग ३६१ होतो. म्हणून १७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले तरी पुरे. एकीनेही भाग जात नाही.

३५९ ची दुप्पट करून १ मिळवला तर ७१९, तीही मूळ. हाच नियम लावत गेल्यास ८९, १७९, ३५९, ७१९, १४३९, २८७९ अशी साखळी तयार होते. पुढची ५७५९ मात्र १३ × ४४३ असल्याने साखळी तिथे तुटते.

दुपटीत १ मिळवल्यावरही मूळ संख्याच देणाऱ्या मूळ संख्येला फ्रेंच गणिती सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांचे नाव आहे. अशी एक संख्या २०१६ साली सापडली, ती तब्बल ३,८८,३४२ अंकी. अशा संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणाला सिद्ध करता आलेले नाही. साखळीतली पुढची संख्या ‘सुरक्षित मूळ संख्या’ म्हणवते. शेकडो अंकी सुरक्षित संख्या संगणकावरील गुप्त संदेशांसाठी वापरतात.