वीट तरंगली, पण सापडली कुठे?

वीट पाण्यात टाकली तर काय होईल? बुडेल! हो ना?

मग ऐक गंमत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या काही जुन्या विटा चक्क पाण्यावर तरंगतात! मातीत कोंडा मिसळून वीट भाजायची. कोंडा जळून जातो आणि मागे उरतात बारीक बारीक पोकळ्या. झाली वीट हलकीफुल्ल!

तेर म्हणजे तेरणा नदीकाठचं, संत गोरोबाकाकांचं गाव. पण त्यांच्याही हजारभर वर्षं आधी इथे मोठी बाजारपेठ होती. नाव तगर! एका ग्रीक प्रवासवर्णनात तिचा पत्ता आहे : पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. किलोमीटर नाहीत, दिवस मोजायचे!

मग ते तगर गेलं कुठे? कुठेच नाही! पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांत दडून बसलंय. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेनं जुन्या वस्तू जमवल्या. त्यांच्या नावाचं संग्रहालय तेरमध्ये आहे. तिथे एक हस्तिदंती बाहुली आहे. ओळख बरं, तिची जुळी बहीण कुठे सापडली? थेट इटलीतल्या पाँपेईत!

पण एक अडचण आहे. समजा, एखादा जुना मणी सापडला. तो नुसता उचलून खिशात टाकला की त्याचा पत्ता हरवतो. तो चुलीजवळ पडला होता की कारागिराच्या भट्टीपाशी? अर्धी गोष्ट तर तिथेच असते!

इथे मदतीला येतो डिजिटल नकाशा. भूगोलाच्या तासाला ट्रेसिंग पेपर वापरतोस ना? तसे कागद एकावर एक ठेव. एकावर नदी. दुसऱ्यावर टेकाडांचे चढउतार, ड्रोननं मोजलेले. तिसऱ्यावर सापडलेल्या वस्तूंचे ठिपके. चौथ्यावर आजची घरं आणि रस्ते. कॉम्प्युटरवर हवा तो कागद काढायचा, हवा तो ठेवायचा!

आणि वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहचित्रं एकावर एक ठेवली, तर? टेकाडाची कड कुणी खणून नेली असेल, तर ती चोरी लक्षात येऊ शकते! इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर तेर तूही शोधू शकतोस. आधी तेरणेचं वळण हुडक.

कधी तेरला गेलास आणि जुनं खापर दिसलं, तर उचलू नकोस. मोबाइलचं लोकेशन चालू करून फोटो काढ आणि संग्रहालयात दाखव. फोटो काढताना खापराशेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेव हं! नाहीतर कळणार कसं, खापर पणतीचं आहे की रांजणाचं?