मागची ट्रॉली झुलते, म्हणून ड्रायव्हर पिलेला नसतो

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की विश्रामबागच्या चौकात दरवर्षी तोच निकाल ऐकू येतो. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर सांगली-मिरज रस्त्यानं चाललेला असतो, मागची ट्रॉली डावी-उजवी झुलत असते आणि चहाच्या गाड्यावरून कुणीतरी जाहीर करतं, "बघा, टाईट होऊन चालवतंय!" बाकीचे माना डोलावतात. पुरावा एवढाच, की शेपूट हलतंय.

ट्रॉलीला स्टिअरिंग नसतं, पण वळणारी चाकं असतात. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस टर्नटेबलवर बसवलेला असतो आणि दांड्याबरोबर फिरतो. हूकमधली पिन झिजलेली असली, टर्नटेबलचे बोल्ट ढिले असले किंवा एका टायरात हवा कमी असली, की एक खड्डा पुरतो. दांडा बाजूला सरकतो, चाकं तिकडे वळतात. वरचं कित्येक टनांचं ओझं जरा उशिरा त्यांच्यामागे जातं, पण मध्यावर थांबत नाही, पलीकडे निघून जातं. मग दांडा उलटा ओढला जातो आणि तोच खेळ दुसऱ्या बाजूनं सुरू होतो. वेग कमी असेल तर टायरचं घर्षण हा झोल दोन-चार हेलकाव्यांत जिरवतं. वेग वाढला की जिरवण्याची ही ताकद घटते, आणि एका मर्यादेपुढे झोल विरण्याऐवजी वाढतच जातो. ड्रायव्हरनं स्टिअरिंग अगदी सरळ धरलेलं असतानाही हे घडतं.

दुसऱ्या ट्रॉलीची तऱ्हा आणखी वाईट. ती अडकवलेली असते पहिलीच्या शेपटाला, म्हणजे आधीच हलणाऱ्या टोकाला. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकांचा अभ्यास झाला. पुढच्या वाहनाला बसलेला आडवा हिसका शेवटच्या ट्रेलरपर्यंत पोचताना वाढतो, इतका की शेवटचा ट्रेलर कलंडायला आला तरी केबिनमध्ये बसलेल्याला फारसं जाणवत नाही, असं त्यातून दिसलं. इतक्या लांब जायचं नसेल, तर १९४७ पासूनचं वालचंद कॉलेज विश्रामबागेतच आहे. तिथला मेकॅनिकलचा विद्यार्थीही हे गणित कागदावर मांडून देईल.

तरीही पटत नसेल, तर अमेरिकेतलं उदाहरण घ्या. तिकडे घरासारख्या मोठ्या गाडीच्या मागे जीप चारही चाकांवर ओढत नेतात. स्टिअरिंग मोकळं ठेवलेलं असतं. जोडकामात ढिलाई असली, की एखाद्या खड्ड्यावर किंवा वळणावर त्या जीपची पुढची चाकं जोरजोरात डावी-उजवी फडफडू लागतात. आत कुणीही बसलेलं नसतं. आता तिथे दारू कुणी प्यायली?

याचा अर्थ कुणीच पिऊन चालवत नाही, असा नाही. पण ते ओळखायचं तर शेवटच्या ट्रॉलीकडे बघून उपयोग नाही, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे बघा. ट्रॅक्टर स्वतःच रस्त्यावर भरकटत असेल तर शंका रास्त. ट्रॅक्टर सरळ आणि शेपूटच तेवढं झुलत असेल, तर दोष पिन, टर्नटेबल, टायर, भार आणि वेग यांत शोधा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर गुन्हा होतो. ते मोजायला यंत्र लागतं, चहाचा गाडा नाही.

आणखी काही समजुती याच गाड्यावर ऐकायला मिळतात. वेग वाढवला की ट्रॉली ताणली जाऊन सरळ होते म्हणे. होत नाही, वेगच तर झोलाला बळ देतो. खच्चून ब्रेक मारावा, हा सल्ला त्याहून घातक. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेकच नसतो, त्यामुळे मागचं वजन पुढे लोटतं आणि सगळी जोडणी दुमडते. उलटं स्टिअरिंग मारून झोल मोडायला जावं तर वेळ चुकते आणि हिसका वाढतो. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं, एवढंच हातात असतं. मागे आणि उंच भरल्यानं ट्रॉली 'बसते' हेही खोटं, तसा भार झोल वाढवतो.

बंद मोटारीला टोचन लावताना किल्ली काढून खिशात टाकणारे महाभाग वेगळेच. स्टिअरिंग लॉक झालं की पहिल्याच वळणावर गाडी सरळ जाईल. किल्ली 'ऑन'वर हवी, आणि इंजिन बंद असल्यानं ब्रेक जड लागणार हेही ध्यानात ठेवायला हवं. १९८९ च्या रस्ते नियमावलीत ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीतलं अंतर जास्तीत जास्त ५ मीटर आणि वेग ताशी २४ किलोमीटर असा घालून दिला होता, तो उगाच नव्हे.

ट्रॉलीमालकांनी हंगामाआधी पिन, टर्नटेबलचे बोल्ट आणि टायरची हवा तपासून घ्यावी. आणि दुचाकीवाल्यांनो, झुलणाऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीनं गाडी चालवू नका. पुढे रस्ता मोकळा दिसला तर झटक्यात पुढे निघा, नाहीतर चांगलं अंतर ठेवून मागेच थांबा.