भट्टी पुन्हा पेटली!

साताऱ्याहून सांगलीला निघालेल्या माणसाला कऱ्हाड मागे पडले की भूक लागतेच. घरून कितीही जेवून निघा! पुणे-बंगळूर हमरस्ता सोडून गाडी पेठ नाक्याला वळली, की आमची मंडळी मिसळीच्या वासानेच हॉटेल ओळखतात.

पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ही भट्टी विझली. २० ऑगस्टला एस.टी. पुन्हा जिल्ह्याबाहेर धावू लागली, तरी हॉटेलात बसून खायला बंदीच. पुडके बांधून मिळे. पण कट निवलेला, फरसाण मऊ पडलेले. तिला मिसळ कोण म्हणेल?

अखेर ५ ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्या मांडून हॉटेले उघडली. आम्ही सहकुटुंब हजर! "या वहिनी, बसा," म्हणत गल्ल्यावरचे अण्णा स्वतःच बशा घेऊन आले. पाच वाढप्यांपैकी दोघेच गावाहून परतले होते. निम्म्या खुर्च्यांना तेवढे पुरेत, असे अण्णा म्हणाले खरे. पण उरलेल्या तिघांच्या जागी त्यांनी कुणालाही ठेवले नव्हते.

दिवाळीत पुन्हा गेलो. कट वाढण्याआधी अण्णांनी बातमी वाढली : "वहिनी, तिसरा आला बरं का!"