साखरेचा औषधी उपयोग



१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाईन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ, सोड्याचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. साखरेच्या जोडीनं आतडे मीठ-पाणी शोषते, हे त्यामागचं शास्त्र.

निफाड-दिंडोरीच्या फडावर, तोडणी टोळीच्या कोपीत लेकराला जुलाब लागले तर ओआरएसची पुडी द्यावी. ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. मीठ जास्त नको! घोटघोट पाजावं. अंगावरचं दूध, मऊ खिचडी चालूच ठेवावी. लेकरू मलूल झालं, पिईना, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आपल्या फडातल्या टोळीला हे जरूर सांगावे.